राखून ठेवलेले पाय

उस्मानपुऱ्याच्या मागच्या दोन-तीन गल्ल्यांमध्ये चाळीस वर्षांत जी लेकरं जन्मली, त्यांतल्या निम्म्याअधिकांची पहिली अंघोळ मनकर्णाबाईच्या नडग्यांवर झालेली आहे. त्यांतला एक नगरसेवक झाला, दोन-तीन वाया गेले, आणि एक जवळच्याच बँकेत साहेब होऊन बसला. मनकर्णाबाई पेन्शनच्या चौकशीला आली की हा साहेब खुर्चीतून उठून उभा राहतो. ज्या बाईनं आपल्याला उघडंनागडं उलटंपालटं केलंय, तिच्यापुढं साहेबी चालवायची तरी कशी!

बाळंतीण आणि बाळ न्हाऊ घालणं हा तिचा धंदा. दिसायला सोपं, आणि म्हणूनच लोकांना वाटतं की कुणीही करावं. मोरीत पाटावर बसायचं, दोन्ही पाय समोर सरळ पसरायचे, टाचा जुळवायच्या. नडग्यांमध्ये जी पन्हळ तयार होते, तिच्यात लेकरू ठेवायचं, डोकं पावलांकडं. आधी पालथं, मग उताणं. तेल जिरवायचं, डाळीच्या पिठात दूध-हळद कालवून अंग चोळायचं, कपाळावर हात आडवा धरून डोक्यावर पाणी सोडायचं. लेकरू त्या वेळी माशासारखं निसटतं असतं. सगळा भार गुडघ्यांवर. गुडघे जमिनीला चिकटलेले असले तर पन्हळ सपाट राहते. ते वर उचलले की लेकरू पावलांकडं घसरलंच म्हणून समजा.

हे तिला सरूबाई नावाच्या म्हाताऱ्या सुईणीनं शिकवलं होतं. मनकर्णाबाईचा जन्म फुलंब्रीजवळच्या एका वाडीतला, पोलिस ॲक्शनच्या सालचा. निजामाचं राज्य गेलं त्या दिवाळीत झालीस, एवढंच आई सांगायची, आणि तेवढ्यावरच तिनं पुढं सगळ्या सरकारी कागदांवर वय लावलं. लग्न होऊन ती शहरात आली. नवरा फकिरा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचा. तो पस्तिशीतच छातीच्या दुखण्यानं गेला, तेव्हा मुलगा बद्रीनाथ चार वर्षांचा होता. सरूबाईनं तिला हाताशी धरलं. "गुडघं भुईला चिकटव," ती म्हणायची. "पाणी मधनं जाऊ दे. लेकरू जाता कामा नाय." चाळीस वर्षांत मनकर्णाबाईच्या पायांवरून एकही लेकरू गेलं नव्हतं. ही एकच गोष्ट ती फुशारकीनं सांगायची. बाकी फुशारकी मारण्यासारखं तिच्याकडं होतं काय?

एक सल मात्र होती. दुसऱ्यांची शेकडो न्हाणली, पण आपल्या रक्ताचं एकही नाही. बद्रीनाथ झाला तेव्हा ती स्वतःच बाळंतीण, त्याला सरूबाईनं न्हाणलं. पुढं सून आशाबाई दोन्ही बाळंतपणांना कन्नडला माहेरी गेली, तिथल्या आजीनं आपल्या पायांवर नातवंडं घेतली. रीतच तशी. आजी म्हणून मनकर्णाबाईच्या वाट्याला आली ती तीन महिन्यांची, मान धरलेली, टोपडं घातलेली नातवंडं. त्यांना काय न्हाऊ घालायचं, ती तर बादलीत बसवली तरी चालतील अशी! लेक असती तर लेकीचं बाळंतपण घरी झालं असतं. लेक नव्हती. तेव्हा तिची सगळी भिस्त नातीवर होती. संजीवनी परकर घालून फिरत होती तेव्हापासून ती तिला म्हणायची, "तुजं पयलं लेकरू माज्या पायावर न्हाईल बरं का. तवर म्या मरत नसते."

संजीवनी जालन्याला दिलेली. आषाढात तिचा फोन आला की दिवस गेलेत, तिसरा महिना आहे. आणि त्याच आठवड्यात मनकर्णाबाईचा उजवा गुडघा सुजून नारळाएवढा झाला.

दुखणं नवं नव्हतं. दोन-तीन वर्षं पहाटे उठताना गुडघे आखडलेले असायचे, पाटावरून उठताना भिंत धरावी लागायची. निर्गुडीचा पाला बांध, वाळूची पुरचुंडी तव्यावर तापवून शेक दे, असं करत ती रेटत होती. चार पावलं चालली, एक-दोन लेकरं न्हाऊ घातली की पाय मोकळे व्हायचे, दुपारपर्यंत ती दुखणं विसरायची. पण या वेळी सूज पाहून बद्रीनाथ घाबरला आणि तिला दवाखान्यात घेऊन गेला.

डॉक्टर तरुण होता, पण बोलायला बरा. फोटो उजेडावर धरून म्हणाला, "आजी, गुडघ्यातली गादी झिजलीय. वयानं झीज होतेच. सूज उतरेपर्यंत आठ-दहा दिवस आराम करा, पण नंतर चालणं सोडायचं नाही. हा कागद घ्या, यात व्यायाम दिलेत. आणि खाली व्यायामाच्या खोलीत दाखवून जा."

माणूस दहा गोष्टी ऐकतो आणि त्यांतली आपल्याला पटेल ती एक घरी घेऊन येतो. मनकर्णाबाईनं घरी आणली ती 'झीज'. जन्मभर तिनं झिजणाऱ्या वस्तूच वापरल्या होत्या. झिजलेली चप्पल घरात घालायची नसते, ती लग्नाकार्यापुरती ठेवायची. विरलेलं लुगडं ट्रंकेत घडी करून ठेवलं तर दहा वर्षं पुरतं, रोज नेसलं तर चार महिन्यांत फाटतं. मग गुडघ्यांचं वेगळं काय असणार? गादी थोडी उरलीय, ती दुसऱ्यांच्या लेकरांवर उडवली तर संजीवनीच्या लेकराला काय उरणार?

"आदीच झिजलंय आन् त्याला आनखी घासायचं? येडाच हाय डाक्टर," ती रिक्षात बद्रीनाथला म्हणाली. व्यायामाच्या खोलीकडं ती फिरकली नाही. कागदाची घडी करून तिनं देवाच्या फळीवर, हळदीकुंकवाच्या डब्याखाली ठेवून दिली.

त्या दिवसापासून तिनं पाय राखायला घेतले.

पहिल्यांदा कामं सोडली. चार घरं हातात होती, चारही ठिकाणी निरोप धाडला. मग सकाळचं मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाणं सोडलं. मग खाली बसणं सोडलं. जेवण खुर्चीवर, भाजी निवडणं खुर्चीवर. बद्रीनाथनं संडासात बसायची खुर्ची आणली. आशाबाईला तर मनातून बरंच वाटलं. सासू सत्तरीला आली तरी दुसऱ्याच्या मोऱ्या धुते, आणि सून घरात बसून खाते, असं गल्लीतल्या बायका तिला तोंडावर नाही पण पाठीमागं वीस वर्षं बोलत होत्या. "आता हात हलवायचा नाय आत्याबाई," ती म्हणाली. "पानी पायजे, मला सांगा. बसल्या जागी देते." आणि तिनं खरोखर दिलं. अशी सून मिळायला नशीब लागतं, असं लोक म्हणू लागले. कुणाचंच काही चुकत नव्हतं.

झोपताना पाय सरळ केले की कळ यायची, म्हणून मनकर्णाबाईनं दोन्ही गुडघ्यांखाली उशी घ्यायला सुरुवात केली. वाकलेल्या गुडघ्यांना बरं वाटायचं. महिन्याभरात सूज उतरली, दुखणंही कमी झालं. दुखेल कसं, वापरच नव्हता! पण तिला वाटलं, हिशेब बरोबर निघाला. "बघ," ती आशाबाईला म्हणाली, "राखलं तर ऱ्हातं."

श्रावणात नजमा आली. तीन घरं पलीकडची, मनकर्णाबाईची जुनी मैत्रीण. तिची मुलगी बिल्किस आणि मुलगा गयास, दोघंही मनकर्णाबाईच्या पायांवर न्हालेले. आता गयासला दुसरा मुलगा झाला होता.

"पोरगा एकदम चंगा हाय जी," नजमा म्हणाली. "उद्याच्याला येतासा ना? पानी म्या तापवून ठेवते."

"नाय बाई. म्या काम सोडलं."

"काम कुनाचं? घरचं हाय की."

"पाय राखून ठिवलेत," मनकर्णाबाई म्हणाली. "संजूच्या लेकरासाठी. गादी थोडी उरलीय म्हनला डाक्टर."

नजमा थोडा वेळ तिच्या पायांकडं पाहत बसली. मग उठली. "व्हय. तुमचं बी खरंच हाय," एवढं बोलून ती गेली, आणि नंतर बरेच दिवस आली नाही. मनकर्णाबाईला वाईट वाटलं. पण ते वाईट वाटणंही तिनं त्याच खात्यात टाकलं. नातीच्या लेकरासाठी एवढं सोसायलाच पाहिजे.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि पाय सकाळी तासतासभर हलेनासे झाले. खुर्चीतून उठायला आशाबाईचा हात लागू लागला. मांड्या सुकल्या. ती वयाला दोष देत होती, थंडीला देत होती, पण राखण सोडत नव्हती. कार्तिकात संजीवनी सातवा महिना घेऊन माहेरी आली, आजीच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "आजी, कशी झालीस गं? एवढुशी."

"तुज्या लेकरासाठी बसलेय राजा," मनकर्णाबाई म्हणाली.

पौषात संजीवनीला मुलगी झाली. पाचव्या दिवशी दोघी घरी आल्या. आशाबाईनं पहाटेच हंड्यात पाणी तापवलं होतं, मोरी घासून ठेवली होती. मनकर्णाबाईनं ट्रंकेतलं जुनं मऊ लुगडं नेसलं, लुगड्याचा काचा मारला, बांगड्या वर सारल्या. सहा महिन्यांत तिचा चेहरा असा उजळला नव्हता. संजीवनी खोलीतून शेक घेता घेता दारातून पाहत होती.

बद्रीनाथ आणि आशाबाईनं दोन्ही बगलांना धरून तिला पाटावर बसवलं. बसताना गुडघ्यातून आवाज आला. तिनं दुर्लक्ष केलं आणि पाय पसरले.

पाय पसरले गेले नाहीत. टाचा पुढं सरकल्या, पण गुडघे वरच राहिले, जमिनीपासून चांगले वीतभर. तिनं दोन्ही तळव्यांनी गुडघे खाली दाबले. ते लाकडासारखे होते. तिनं पुन्हा दाबले, दात आवळून. थोडे खाली गेले आणि हात काढताच परत वर आले.

"आत्याबाई, ऱ्हाऊ द्या का आज?" आशाबाई हळूच म्हणाली.

"थंडीनं आखडलेत. पानी पडलं की सुटतील. आन तिला."

आशाबाईनं गुडघ्यांखालच्या पोकळीत पोत्याची घडी सारली आणि पोरगी सासूच्या पायांवर ठेवली. मनकर्णाबाईच्या हातांना काहीच विसर पडला नव्हता. तेल, पीठ, मान, बगला, बोटांच्या बेचक्या, सगळं आपोआप होत गेलं. लेकराच्या अंगाची ती ऊब तिच्या नडग्यांवर आली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. आपलं. पहिलं आपलं. एवढ्यासाठीच तर सगळं. तिनं पोरीला उताणं केलं, कपाळावर हात धरला आणि सुनेला म्हणाली, "सोड पानी."

पाणी पडलं. पिठानं बुळबुळीत झालेली पोरगी उतरत्या नडग्यांवरून पावलांकडं सरकली. तिला अडवायला मनकर्णाबाईनं गुडघे जोरात खाली रेटले, आणि उजव्या पायात असा पेटका आला की तो पाय तिला न विचारता झटक्यानं वर उडाला. तांब्या फरशीवर आदळला. तो टाकून आशाबाईनं दोन्ही हात घातले होते. पोरीचं डोकं फरशीपासून चार बोटांवर तिच्या तळहातात आलं.

काही झालं नाही. कानामागं आशाबाईच्या बांगडीचा ओरखडा उठला, तेवढाच. पण संजीवनी ओली बाळंतीण, कमरेचा पट्टा तसाच लोंबत, दारातून धावत आली आणि तिनं पोरगी ओढून घेतली. तिला छातीशी धरून ती खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

मनकर्णाबाईला पाटावरून उठवायला त्या दिवशी बद्रीनाथबरोबर शेजारच्या कारभारीलाही बोलवावं लागलं. ती ओल्या लुगड्यात तशीच बसून होती आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "म्या तर राखले व्हते. म्या तर राखले व्हते."

दुसऱ्या दिवशी मोरीत निळा प्लास्टिकचा टब आला. कुणी आणला, कधी ठरलं, तिला कुणी सांगितलं नाही. घरात सगळे तिच्याशी फार गोड वागत होते. सकाळी ती खाटेवर पडून राहायची आणि मोरीतून पाण्याचा आवाज यायचा, पोरीचं रडणं यायचं, आशाबाईचं "झालं झालं माजी बाय" यायचं. मनकर्णाबाई भिंतीकडं तोंड करायची. चाळीस वर्षं ज्या आवाजावर ती जगली, तो आता तिच्या घरात तिच्यावाचून होत होता.

आठवड्यानं बद्रीनाथनं तिला परत दवाखान्यात नेलं, आणि या वेळी व्यायामाच्या खोलीतही. तिथं पांढऱ्या कोटात बसली होती ती नजमाची बिल्किस. रोशन गेटला दिलेली, शिकून हाडांचा व्यायाम शिकवणारी डॉक्टरीण झालेली. मनकर्णाबाईला तिच्या भाच्याची, गयासच्या बाळाची आठवण झाली आणि मान वर करवेना. पण बिल्किसनं उठून तिचे दोन्ही हात धरले. "आजी, अम्मीनं सांगितलं मला सगळं. बसा."

तिनं गुडघे तपासले, वाकवले, सरळ करून पाहिले. ते एका जागी येऊन अडत होते.

"झोपताना उशी घेता खाली?"

"व्हय. बरं वाटतंय."

"कुणी सांगितली?"

"कुनी नाय."

बिल्किसनं मान हलवली. "सहा महिने तुम्ही त्यांना वाकून राहायलाच शिकवलं आजी. आणि बसून बसून मांडीची ताकद गेली. गुडघा काय, आत झिजलेला असला तरी त्याला मांडी धरून ठेवते. मांडीच गेली तर कोण धरणार?" तिनं फाइलमधला कागद काढला. आशाबाईनं देवाच्या फळीवरून तो शोधून बद्रीनाथजवळ दिला होता. घडीवर कुंकू सांडलेलं होतं. "हे तिसरं चित्र बघितलंत का कधी?"

मनकर्णाबाईला चष्म्याशिवाय दिसलं नाही, आणि चष्मा तिनं आणला नव्हता. तेव्हा बिल्किसनं तिला टेबलावर बसवून ते करूनच दाखवलं. पाय समोर सरळ. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी. गुडघा खाली दाबायचा, दहा आकडे म्हणेपर्यंत दाबून धरायचा, मग सोडायचा. परत दाबायचा.

मनकर्णाबाईनं सवयीनं टाचा जुळवल्या.

ते पाहून बिल्किस थांबली. मग म्हणाली, "आजी, हे तर तुम्ही रोज करत होतात. घरोघरी. अर्धा अर्धा तास. म्हणून तर एवढी झीज असून पाय चालत होते तुमचे. माझ्याकडं लोक हेच शिकायला येतात. तुम्ही बंद काऊन केलं?"

मनकर्णाबाईनं आपल्या सुकलेल्या मांड्यांवरून हात फिरवला. नजमाच्या नातवाला नाही म्हटलं होतं, चार घरांना नाही म्हटलं होतं. त्या प्रत्येक लेकरानं तिचे पाय खाल्ले नसते, उलट पोसले असते. तिला स्वतःचाच राग आला.

"परत व्हतील का सरळ?" तिनं विचारलं.

"थोडे होतील. रोज केलंत तर. पण सहा महिने धरा, आणि तरी पहिल्यासारखे नाय होणार. खोटं कशाला सांगू?"

"पोरगी चैतात सासरी जानार."

"तेवढ्यात नाय होणार आजी," बिल्किस म्हणाली.

तरी तिनं केलं. उशी टाकून दिली. सकाळ-संध्याकाळ खाटेवर पाय पसरून टॉवेल दाबायची, मोठ्यानं आकडे म्हणायची. भिंतीला धरून उभी राहायची, मग दारापर्यंत, मग नजमाच्या ओट्यापर्यंत चालत जायची. नजमा तिला बसायला खुर्ची द्यायची आणि दोघी फारसं बोलायच्या नाहीत. पाय दुखायचे, पण ते दुखणं जुन्या ओळखीचं होतं. फाल्गुन संपेपर्यंत वीतभर उंच राहणारे गुडघे दोन बोटांवर आले. त्या दोन बोटांच्या पुढं मात्र ते गेले नाहीत.

पाडवा झाला आणि जालन्याहून जावई न्यायला आले. सामान रिक्षात चढलं. संजीवनी पोरीला दुपट्यात गुंडाळून आजीच्या पाया पडायला खोलीत आली. मनकर्णाबाई खाटेवर पाय पसरून बसली होती, टाचा जुळवून.

"संजू," ती म्हणाली, "एकडाव ठिव तिला माज्या पायावर. पानी नाय, काय नाय. कोरडीच ठिव. मऊ गादी हाय खाली."

संजीवनीनं आईकडं पाहिलं. मग पुढं होऊन तिनं पोरीला अलगद आजीच्या नडग्यांवर ठेवलं. पोरगी आता भरली होती, आजीकडं बघून हसत होती, मुठी चोखत होती. मनकर्णाबाईनं गुडघे जेवढे दाबता येतील तेवढे दाबले. पाय हलले नाहीत. तिनं पोरीच्या कपाळावर हात आडवा धरला, पाणी सोडताना धरतात तसा.

"बघ," ती नातीला म्हणाली, "हालली का? जरा तरी हालली का?"

"नाय आजी," संजीवनी म्हणाली.

पण तिचा एक हात पोरीच्या डोक्याखाली होता, आणि तो तिनं शेवटपर्यंत काढला नाही.